जुना झालेला ‘उद्या’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर सांगता येईल. तुमचे वडील १९८३ साली कंपनीच्या ट्रेनिंगला अमेरिकेत गेले होते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये त्यांनी तेव्हा एक फिरतं थिएटर पाहिलं. खुर्च्यांसकट प्रेक्षकच फिरतात आणि समोर एका कुटुंबाचं घर चार वेगवेगळ्या जमान्यांत दिसतं. आता ते ७९ वर्षांचे आहेत. मे महिन्यात तुम्ही सगळे बहिणीकडे ऑरलँडोला निघालात आणि बाबांनी एकच हट्ट धरलाय, तो शो परत बघायचा. मेहुणे म्हणतात, त्यात वेळ घालवू नका, तो शो म्हातारा झालाय, आज ना उद्या बंदच पडणार. तुमचे प्रश्न दोन: खरंच बंद होणार का? आणि एवढ्या पैसेवाल्या कंपनीला एक जुना शो धड दुरुस्त करता येत नाही का?

शोचं नाव ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. मी ३१ वर्षं राइड मेंटेनन्समध्ये काढली. मुंबईजवळच्या एका पार्कमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, मग आखातात बरीच वर्षं, आणि आता नाशिकला घरी. डिस्नेत कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे आतल्या बातम्या माझ्याकडे नाहीत. हा शो दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा सगळ्यांसारखा, दुसऱ्यांदा खिशात वही घेऊन. बायको त्या दिवशी माझ्याशी फार बोलली नाही.

बंद होईल का, याचं हो किंवा नाही असं उत्तर बाहेरचा कोणीही देऊ शकत नाही. शेजारची जागा कशासाठी लागते, पाच वर्षांचं बजेट कुठे वळतं, वरचा साहेब कोण येतो, यावर ते ठरतं. पण राइड कशाने मरते आणि कशाने तगून राहते, हे बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी आधी एक गैरसमज दूर करतो. मेहुणे ‘म्हातारा झालाय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गंजलेली मोटर असते. मोटरचा यात दोष फार थोडा आहे.

यंत्र समजून घ्या. मराठी नाटकवाल्यांना फिरता रंगमंच नवा नाही. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं, त्यात प्रभाकर पणशीकरांच्या पायाखालचा रंगमंच फिरायचा आणि प्रेक्षक जागेवर बसून असायचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी उलटं केलं. मधोमध सहा रंगमंच स्थिर, गोल केक कापावा तसे पाचर पाचर मांडलेले, आणि त्यांच्याभोवती प्रेक्षकांची गोल कडी फिरती. कडीचेही सहा भाग. एका जागी लोक आत येणार, चार जागी चार प्रसंग बघणार, सहाव्या जागी बाहेर पडणार. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मंडपातला हा शो होता. वीज घरात आल्यावर बाईमाणसाचं, मुलाबाळांचं आयुष्य कसं बदलत गेलं, ही गोष्ट. सांगणारी सगळी माणसं यांत्रिक.

प्रदर्शन संपल्यावर तो शो १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला गेला, १९७३ ला तिथून निघाला, आणि १५ जानेवारी १९७५ ला फ्लोरिडात सुरू झाला. स्पेस माउंटन ही राइडही त्याच दिवशी, त्याच भागात सुरू झाली. म्हणजे तुमच्या बाबांनी पाहिला तेव्हा फ्लोरिडातला शो आठ वर्षांचा होता.

आता मेंटेनन्सवाल्याच्या नजरेने बघा. प्रेक्षकांची कडी म्हणजे रुळांवर चाकांनी फिरणारी एक गोल आगगाडी. वेग अगदी कमी, धक्का नाही, उंची नाही, उलटं-पालटं होणं नाही. रोलर कोस्टरच्या सांध्यांवर दर फेरीला जो मार बसतो, तो इथे बसतच नाही. चाकं, बेअरिंग, गिअरबॉक्स वेळेवर बदलत राहिलात, ग्रीसिंगची वही खोटी भरली नाहीत, तर असली चकती माणसापेक्षा जास्त जगते. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासूनची. तिचं वय ऐकून कोणी मुलांना खाली उतरवत नाही. हळू चालणारी यंत्रं दीर्घायुषी असतात.

अशा थिएटरचं दुखणं वेगळं आहे. सहाही भाग एकाच कडीत अडकलेले. एका दारात कोणी उभं राहिलं किंवा कुठल्या सेन्सरने ‘थांब’ म्हटलं, की एक भाग थांबत नाही, अख्खी कडी थांबते. शिवाय थांबताना ती रंगमंचाच्या बरोब्बर समोरच थांबली पाहिजे. दोन रंगमंचांच्या मधल्या भिंतीसमोर थांबली, तर लोक अंधारात भिंत बघत बसतात आणि दारंही जुळत नाहीत. मी आखातात एक फिरती प्रेक्षागॅलरी सांभाळली आहे, हिच्याहून बरीच लहान. तिथे आमचे नव्वद टक्के कॉल मोटरचे नसायचेच. लिमिट स्विच (कडी ठरल्या जागी आली हे कळवणारे), दाराचे सेन्सर, केबल. पाहुण्यांना वाटायचं मशीन जुनं झालं, आणि आम्ही तीनशे रुपयांच्या स्विचवरची धूळ पुसून शो सुरू करायचो.

यांत्रिक माणसांचं म्हणाल तर या जातीच्या जुन्या आकृत्यांत मोठ्या हालचाली तेलाच्या दाबावर आणि बारीक हालचाली हवेच्या दाबावर चालतात. ऑइल सील गेलं की तेल झिरपतं आणि आधी कपड्यावर डाग दिसतो. रबरी कातडी मानेजवळ, तोंडाच्या कडेला फाटते. व्हॉल्व्ह चिकटला की हात अर्ध्यात थांबतो, मग तो माणूस बोलताना दिसतो पण लकवा मारल्यासारखा. सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. सील बाजारात मिळतं, बुश लेथवर करून घेता येतं, कंट्रोल पॅनेल बदलता येतं. वेळ आणि माणूस मात्र रोज द्यावा लागतो.

हा ‘रोज’ कसा सुटतो ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक भूतबंगला होता. चौदा पुतळे, सगळे हवेच्या दाबावर. एक दिवस दारामागच्या सांगाड्याचा हात बंद पडला. सिलिंडर मागवायला कागद वर गेला, तो आला नाही. सीझन होता, राइड चालू ठेवली. कोणाही पाहुण्याने तक्रार केली नाही, कारण तो हात हलायला हवा होता हे पाहुण्याला ठाऊकच नव्हतं! झालं, वरच्यांना पुरावा मिळाला की हाताविना चालतं. पुढच्या वर्षी शवपेटीचं झाकण. मग विहिरीतली बाई. प्रत्येक वेळी ‘चालतंय ना?’ आणि प्रत्येक वेळी उत्तर खरंच ‘चालतंय’ असायचं. चौथ्या वर्षी नऊ पुतळे बंद होते आणि मार्केटिंगवाल्यांनी अहवाल दिला की लोकांना आता भूतबंगला आवडत नाही. तो पाडला. माझ्या मते त्याला ‘चालतंय’ने मारलं. ती राइड मीच सांभाळत होतो, तेव्हा दोष झटकत नाही. दुसऱ्यांदा कागद वर पाठवायचा कंटाळा मीही केला होता.

म्हणून कुठल्याही पार्कात गेलो की मी बारीक गोष्टी बघतो. किती बोटं हलतात, पापण्या मिटतात का, पडद्यामागची बल्ब-ट्यूब एकाच रंगाची आहे का. या शोच्या बाबतीत पहिले तीन प्रसंग मला बरे वाटले. बाथटबमध्ये बसून पंख्यासमोर बर्फाची लादी ठेवणारा काका अजून आपली पायाची बोटं हलवतो, यावर मी वहीत चक्क टिक मारली.

खरं दुखणं चौथ्या प्रसंगात आहे, आणि ते पान्ह्याने सुटणारं नाही.

इथे जरा हिशोब करू. मूळ शोमध्ये पहिला प्रसंग साधारण विसाव्या शतकाच्या तोंडावरचा, दुसरा १९२० च्या दशकातला, तिसरा १९४० च्या दशकातला आणि चौथा म्हणजे तेव्हाचं ‘आज’, १९६० चं दशक. प्रत्येक उडी साधारण वीस वर्षांची. वीस वर्षं म्हणजे एक पिढी. आजोबा, वडील, मुलगा, नातू असं बघणाऱ्याला आपोआप जुळायचं. समोर बसलेल्या साठीच्या बाईने चारही स्वयंपाकघरं स्वतः पाहिलेली असायची. पहिलं बालपणीचं, आईचं, दुसरं स्वतःच्या लग्नानंतरचं, तिसरं मुलं मोठी होतानाचं, चौथं लेकीचं. या शोची सगळी ताकद तिथे होती.

पण रंगमंच सहाच. दोन चढण्या-उतरण्याचे, उरले चार. काळ पुढे जातो तसा पाचवा प्रसंग जोडायची सोयच नाही. इमारत गोल आहे, तिला शेपूट लावता येत नाही. म्हणून दर वेळी एकच पर्याय उरला: पहिले तीन तसेच ठेवायचे आणि चौथा तेवढा पुढे सरकवायचा. १९७५, १९८१, १९८५ आणि १९९४ असा तो बदलत गेला. १९९४ चा चौथा प्रसंग नाताळचा आहे. आजी डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जगातला खेळ खेळते, आवाजावर चालणारा ओव्हन तिचा स्कोअर ऐकतो, तोच आकडा तापमान समजून बसतो आणि टर्की जळून कोळसा होते. बोलण्यात लेझर डिस्क आणि कारमधला फोन येतो. मध्यंतरी पात्रांचे कपडे बदलले, पण गोष्ट तीच आहे.

आता उड्या मोजा. पहिली वीस वर्षांची, दुसरी वीसची, तिसरी एकदम पन्नासची. आणि आज बसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने चौथं घर हे ‘आज’ तर नाहीच, ‘उद्या’ही नाही, त्याच्या आईच्या लहानपणचं घर आहे. पहिल्या तीन घरांना जुनेपणाचा त्रास होत नाही, कारण ती जुनीच दाखवलेली आहेत. तुमच्या आजीचा पितळी बंब कधी ‘आउटडेटेड’ वाटतो का? पण शेजाऱ्याचा डबा टीव्ही वाटतो. चौथा प्रसंग त्या डबा टीव्हीच्या वयात अडकलाय. पुरातन म्हणून कौतुक व्हावं इतका जुना नाही आणि नवा म्हणून खपावा इतका नवा नाही.

मग तो बदलत का नाहीत? इथे प्रायोजकाची गोष्ट सांगायला हवी, कारण बऱ्याच पार्कांचं अर्थकारण तिथे लपलेलं असतं. या शोचा खर्च मूळात जनरल इलेक्ट्रिकच्या खिशातून आला. ज्याचा पैसा त्याचा शब्द. डिस्नेचे गीतकार-संगीतकार शर्मन बंधू यांनी प्रदर्शनासाठी रचलेलं गाणं येणाऱ्या सुंदर उद्याबद्दल होतं. फ्लोरिडात जाताना ते बदललं आणि ‘आजचाच काळ सर्वांत चांगला’ अशा अर्थाचं नवं गाणं आलं. त्यामागचं कारण असं सांगतात की फ्रिज विकणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाने उद्याची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. हसू येतं, पण प्रायोजक असल्याचा एक फायदा असतो. दर काही वर्षांनी त्याला नवा माल दाखवायचा असतो, म्हणून शेवटचा प्रसंग बदलायला तोच पैसे देतो. १९८५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक बाहेर पडली. त्यानंतर डिस्नेने १९९४ मध्ये स्वतःच्या हिशोबाने एक मोठा बदल केला, जुनं गाणं परत आणलं, शोच्या नावाआधी वॉल्ट डिस्नेचं नाव जोडलं, आणि त्याचा ऐतिहासिक वारसा केला. वारसा झाला की दोन गोष्टी एकदम होतात. पाडायला कोणी धजत नाही आणि हात लावायलाही कोणी धजत नाही. आमच्या धंद्यात ही सर्वांत अवघड अवस्था.

इथपर्यंतचं थोडक्यात: चकती ठणठणीत असू शकते, पुतळे दुरुस्त होऊ शकतात, पण शेवटचा प्रसंग हलवायला पैसे देणारा आणि ‘हे असं करा’ म्हणणारा धनी उरलेला नाही.

आता बंद होण्याचा मुद्दा. जनरल इलेक्ट्रिकनेच प्रायोजित केलेली दुसरी राइड होती, फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या एप्कॉट या पार्कमधली ‘होरायझन्स’. १ ऑक्टोबर १९८३ ला सुरू झाली. भविष्यातल्या घरांची ती सफर, म्हणजे एका अर्थी याच शोचा पुढचा भाग. १९९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक तिथूनही गेली. राइड मध्ये बंद, मध्ये चालू असं करत १९९९ च्या जानेवारीत कायमची बंद झाली, इमारत पाडली आणि त्या जागी २००३ मध्ये अंतराळ उड्डाणाची राइड आली. एकच प्रायोजक, एकच विषय. धाकटी गेली आणि थोरला अजून उभा आहे. का?

माझा अंदाज तीन गोष्टींवर आहे. पहिली, माणसं पोटात घेण्याची ताकद. एका भागात सुमारे २४० खुर्च्या, आणि दर चार मिनिटांच्या आसपास कडी एक घर पुढे सरकते. तासाला पंधरा फेऱ्या धरल्या तर कागदावर ३,६०० माणसं. प्रत्यक्षात खुर्च्या रिकाम्या राहतात, हे खरं. पण मे महिन्याच्या दुपारी, गर्दीने पार्क फुटायला आलेलं असताना, एसी असलेलं, रांग नसलेलं, वीसेक मिनिटं बसायला देणारं ठिकाण म्हणजे ऑपरेशनवाल्यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तासाला दोन हजार माणसं नेणाऱ्या कोस्टरचंही आमच्याकडे कौतुक होतं. बाहेरून रिकामा दिसणारा शो पार्काच्या रांगा हलक्या करत असतो, आणि ते तिकिटाच्या हिशोबात दिसत नाही. उलट गर्दी ओसरली की हाच गुण निरुपयोगी ठरतो. २००१ मध्ये अमेरिकेतला प्रवास कोसळला तेव्हा हा शो बंद ठेवून मग फक्त सीझनपुरता चालवू लागले, त्यामागचं गणित हेच असणार.

दुसरी गोष्ट इमारतीची. गोल, फिरती, मधोमध भिंतींनी कापलेली जागा दुसऱ्या कशाला देणार? डिस्नेलँडमधलं जुळं थिएटर बघा. तिथे १९७४ ते १९८८ दुसरा एक गाण्यांचा शो चालला. तो बंद करून त्यातले बरेचसे यांत्रिक प्राणी एका नव्या वॉटर राइडसाठी नेले. पुढची दहा वर्षं, १९९८ पर्यंत, ती इमारत पाहुण्यांसाठी बंदच होती. एवढ्या मोक्याच्या जागेवर दहा वर्षं कुलूप! नंतर तिथे तंत्रज्ञानाचं प्रदर्शन आलं, मग सिनेमाचं. त्या चकतीवर घट्ट बसेल असं दुसरं काही आजवर सापडलेलं दिसत नाही. विचित्र आकार हे अशा शोचं चिलखत असतं. फ्लोरिडातल्या साहेबांना हा अनुभव घरचाच आहे.

तिसरी, नाव. वॉल्टचा हा लाडका शो होता असं डिस्नेच सांगत आली. २०२५ मध्ये सुरुवातीच्या प्रसंगात खुद्द वॉल्टची बोलती-हलती आकृती बसवायचं जाहीर झालं. पैसे टाकायचं ठरवलेली गोष्ट लगेच पाडत नाहीत, म्हणून मेहुण्यांचं ‘आज ना उद्या’ मला तरी घाईचं वाटतं.

पण नाव आणि आठवणी या भरवशाच्या नसतात, तेही सांगून ठेवतो. याच पार्कातली ‘मिस्टर टोड’ची राइड १९९८ मध्ये लोकांनी हिरवे टी-शर्ट घालून निदर्शनं केली तरी बंद झाली. पाणबुडीची सफर १९९४ मध्ये थांबली आणि तळं नंतर कितीतरी वर्षं तसंच पडून होतं. २०२५ च्या जुलैत नदी, बेट आणि चाकाची मोठी बोट, सगळं एकदम गेलं, कारण ती जागा नव्या विभागाला हवी होती. आपल्याकडेही वेगळं नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये गेलं, ते झोपाळे जुने झाले म्हणून नव्हे. जमिनीला दुसरा मालक मिळाला. त्यामुळे मला कोणी विचारलं की या शोला धोका कशाचा, तर मी तेलाच्या डागाकडे बोट दाखवणार नाही. त्या भागाचा नवा नकाशा कोणी टेबलावर पसरला की धोका सुरू झाला असं समजा.

कोणी माझ्या हातात हा शो दिला तर काय करेन, हे कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. रिटायर्ड माणसाला एवढी मुभा असावी. मी चौथा प्रसंग ‘आज’ करायच्या भानगडीत पडणार नाही. आज लावलेला ‘आज’ सात वर्षांत शिळा होतो आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा बजेट मिळत नाही. मी तो १९६० च्या दशकावर परत नेईन, मूळच्या वीस वर्षांच्या उडीवर, आणि उघडपणे म्हणेन की ही १९६४ च्या माणसांची कल्पना आहे. मग चारही घरं जुनी होतील आणि एकही शिळं राहणार नाही. ‘उद्या’ बाहेर पडण्याच्या सहाव्या जागी ठेवेन. तिथे लोक तसेही उठून उभे असतात, समोर फक्त एक पडदा आणि दिवे लागतील, आणि पडद्यावरचा मजकूर दरवर्षी बदलता येतो. तेलाचा एकही नवा नळ नको. यावर डिस्नेप्रेमी माझ्यावर तुटून पडतील, कारण पुष्कळांना १९९४ ची आजी आणि ती जळकी टर्कीच जिवाभावाची झाली आहे. त्यांचंही चुकत नाही. तीस वर्षं टिकलेला ‘तात्पुरता’ प्रसंग हाही एक इतिहासच.

आता बाबांबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे.

त्यांना आधीच एक गोष्ट सांगा. १९८३ मध्ये त्यांनी ऐकलेलं गाणं आता वाजत नाही. ते ‘आजचा काळ’वालं होतं. आता ‘उद्या’वालं आहे, जे त्याहून जुनं. शोमधल्या वडिलांचा आवाजही बदललाय, १९९४ मध्ये नव्याने ध्वनिमुद्रण झालं. आताचा शेवटचा प्रसंग बाबांनी पाहिलेला नाहीच. पहिली तीन घरं मात्र ओळखीची वाटतील, आणि प्रत्येक घरात कुत्रा आहे, तो बघायला सांगा. हे आधी न सांगता नेलंत तर म्हातारा माणूस स्वतःच्या आठवणीवरच शंका घेतो. माझ्या सासऱ्यांना मी असंच एका जुन्या ठिकाणी नेलं होतं, ते परत येताना सारखं म्हणत होते, ‘मीच विसरलो असेन.’ त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, बाहेर ऊन असतं आणि आत गारवा. व्हीलचेअर घेतलीत तर त्यातून उतरावं लागत नाही. जागा मधल्या रांगेत आणि मधोमध धरा, कडेला बसलं की प्रसंग बदलताना पुढचा रंगमंच तिरका दिसतो. मध्येच कडी थांबली, तर घाबरू नका, उठू तर अजिबात नका. कर्मचारी सांगतील तसं करा, बहुतेक वेळा कुठल्या तरी दाराने तक्रार केलेली असते. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पार्काच्या वेबसाइटवर दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादी जरूर बघा. वॉल्टची आकृती बसवायची म्हणजे काही काळ कडी उभी करावी लागणार, आणि ते दिवस नेमके तुमच्या मे महिन्यात पडले तर बाबांना विमानात बसायच्या आधी कळलेलं बरं.